तिकिटावरचा कर आणि हातांची मजुरी

सिनेमाचा इतिहास लिहिणारे नटनट्यांविषयी लिहितात, दिग्दर्शकांविषयी लिहितात, गाण्यांविषयी तर भरभरून लिहितात. पण सिनेमावरच्या कराचा इतिहास कोणी हौसेने लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. विषय रुक्ष खरा. फराळाचे ताट पुढे असताना कराची गोष्ट काढणे म्हणजे अनारशाबरोबर एरंडेल वाढण्यासारखे आहे, हे मलाही कळते. पण धंतोलीत राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट निराळी दिसते. कारण हा कर कोणी भरला, तो परत कोणाला मिळाला आणि काम कोणाच्या हाताला लागले, या तीन प्रश्नांची उत्तरे नागपुरात तीन दिशांना जातात.

करमणुकीवर कर बसवण्याची मुभा प्रांतांना मिळाली ती 1919 च्या सुधारणांनंतर. बंगालने 1922 साली तो बसवला, मुंबई इलाख्याने 1923 साली. आपला मध्यप्रांत जरा सावकाश चालणारा. त्याचा कायदा 1936 सालचा. योगायोग असा की, प्रभातचा ‘संत तुकाराम’ही त्याच वर्षीचा. तो चित्रपट पुण्यात तयार झाला. तिथले सुतार, रंगारी, दिवे धरणारे हे सगळे प्रभातच्या पगारपत्रकावरचे नोकर. इकडे वैदर्भीय प्रेक्षक मात्र तिकिटाच्या किमतीवर कर देई, आणि तो नागपूरच्या सरकारी खजिन्यात जाई. म्हणजे मजुरी पुण्याला, कर नागपूरला, आणि तुकोबा दोघांचेही! त्या काळी यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, कारण प्रांतच वेगळे होते.

पुढे 1953 साली नागपूर करार झाला. सरकारी खर्च आणि नोकऱ्या यांत विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा, असे त्यात कबूल केले गेले. 1956 मध्ये आपण द्वैभाषिकात गेलो आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आलो. खजिना मुंबईला गेला. कर भरणारे आम्ही मात्र पंचशील टॉकीजच्या रांगेत होतो तिथेच राहिलो. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही, पुढच्या हिशेबासाठी सांगतो.

मराठी चित्रपटाला खरा आधार मिळाला तो 1975 साली. मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर जो करमणूक कर जमेल, तो निर्मात्याला पुढच्या मराठी चित्रपटासाठी परत द्यायचा, अशी योजना महाराष्ट्र सरकारने आणली. कल्पना मोठी हुशारीची होती. प्रेक्षकाने एकदा दिलेला पैसा फिरून मराठी पडद्यावरच यायचा. ज्याचा चित्रपट चालला, त्याचे चांगभले झाले. दादा कोंडक्यांसारखा माणूस, ज्याचे सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाल्याची नोंद गिनीज बुकात आहे, त्याच्या हाती परताव्याची रक्कमही तशीच भरघोस यायची. ज्याचे खेळ रिकामे गेले, त्याला परत काय मिळणार? हातांनी तेवढेच काम केलेले असे, पण सरकारी मापात हात नव्हतेच. माप होते तिकिटाचे.

आणि या मापाला भूगोलही नव्हता. नागपूर-अमरावतीच्या तिकिटांतून जमलेला कर परताव्याच्या रूपाने निघे आणि कोल्हापूर-मुंबईच्या स्टुडिओंत खर्च होई. 1977 साली गोरेगावला चित्रनगरी झाली, तीही मुंबईतच. पुढे परताव्याऐवजी दर्जानुसार अनुदान आले : ‘अ’ दर्जाला 40 लाख, ‘ब’ दर्जाला 30 लाख. मग 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरून गेला. माप मात्र पुन्हा पडद्याचे आणि भाषेचेच राहिले.

हिशेबाची दुसरी रीत जगात आहे हे मला कळले ते माझ्या एका भाचीमुळे. ती कॅनडात व्हँकूवरला चित्रपटांचे हिशेब लिहिते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली होती, तेव्हा करंज्यांना मुरड घालता घालता तिने मला हे सारे समजावले. तिकडे सरकार तिकीट पाहत नाही, मजुरी पाहते. कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने 1995 पासून तिथल्या चित्रपटांना पात्र मजुरीवर पंचवीस टक्के करसवलत ठेवली आहे. कर देणे लागत नसेल, तर ती रक्कम रोख परत मिळते. ब्रिटिश कोलंबिया प्रांत त्यावर आपली सवलत देतो. शिवाय निम्म्याहून अधिक चित्रीकरण व्हँकूवरच्या ठरावीक परिसराबाहेर केले, तर त्या प्रमाणात मजुरीवर आणखी साडेबारा टक्के देतो. त्यासाठी माझ्या भाचीला प्रत्येक माणसामागे कागद जमवावा लागतो : हा सुतार आदल्या 31 डिसेंबरला याच प्रांतात राहत होता काय? ही शिंपीण? जेवण रांधणारा?

“मामा, नटीचा करारनामा एका दिवसात मिळतो,” ती म्हणाली, “पण ड्रायव्हरच्या घरपट्ट्याचा पुरावा मिळवताना जीव जातो!”

मला त्या ड्रायव्हरचे कौतुक वाटले. त्याचा पत्ता सरकारदरबारी पैशाच्या मोलाचा होता.

आपल्याकडेही हात मोजायला सुरुवात झाली आहे, पण पाहुण्यांसाठी. केंद्र सरकारने 2022 साली परदेशी निर्मात्यांना भारतातल्या खर्चावर तीस टक्के परतफेड जाहीर केली, आणि पंधरा टक्के किंवा अधिक मनुष्यबळ भारतीय असेल तर आणखी पाच टक्के. 2023 मध्ये तीस टक्क्यांचे चाळीस झाले. आमचा शेजारी मध्यप्रदेश, ज्याची राजधानी 1956 पर्यंत नागपूर होती, त्यानेही 2020 च्या धोरणात चित्रीकरणाचे किती दिवस राज्यात गेले हे मोजायचे ठरवले आणि स्थानिक कलावंत घेतल्यास वेगळी रक्कम ठेवली.

आता नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ घ्या. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक. झोपडपट्टीतल्या मुलांना त्यांनी फुटबॉल शिकवला, त्यावरून हा चित्रपट. 2018 च्या डिसेंबरात अमिताभ बच्चन नागपुरात चित्रीकरणाला आले, तेव्हा गर्दी आवरता आवरत नव्हती. पुष्कळशी मुले इथल्याच वस्त्यांतून निवडलेली. 2022 साली तो पडद्यावर आला. बोलणे अस्सल नागपुरी, म्हणजे हिंदीत मराठी कालवलेले. पण कागदावर चित्रपट हिंदी. मराठीच्या अनुदानाचे दार त्याला बंद. भाषेच्या मापाने तो परका, आणि हातांच्या मापाने त्याच्याइतका नागपूरचा चित्रपट मला दुसरा आठवत नाही. मराठीला अनुदान द्यावेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या शेजारी मजुरीचे एक माप ठेवले असते, तर मराठीच्या ताटातला घास कमी झाला नसता.

‘शेरनी’ची गोष्ट याहून चमत्कारिक. यवतमाळ जिल्ह्यात 2018 साली गोळी घातलेल्या पांढरकवड्याच्या वाघिणीची आठवण हा चित्रपट पाहताना होतेच होते. त्याचे चित्रीकरण झाले मध्यप्रदेशाच्या रानात. 2021 च्या जूनमध्ये तो चित्रगृहात न येता थेट घरातल्या पडद्यावर आला. म्हणजे तिकीट नाही, आणि तिकिटावरचा करही नाही. आम्ही तो धंतोलीत दिवाणखान्यात बसून पाहिला. पांढरकवड्याकडच्या माझ्या वहिनी चष्मा सावरीत बराच वेळ झाडांकडेच पाहत होत्या.

“भाऊजी,” त्या शेवटी म्हणाल्या, “वाघीण आमची आहे, पण रान आमचं नाही.”