रामलिंगच्या आडवाटा

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रानात कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून तो आला होता, साडेचारशेहून जास्त किलोमीटर चालून. बार्शी तालुक्यातही फिरला. सोलापूरकरांना त्या निमित्तानं आठवण झाली की आपल्या शेजारी जंगल आहे.

बार्शीहून येडशीकडे निघालं की बालाघाटाची कड लागते, तिथं रामलिंगचा घाट आहे. पळस, बाभूळ, सीताफळ, मधून ओढा आणि महादेवाचं देऊळ. जटायू रावणाशी लढून इथंच पडला, असं लोक मानतात. अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं आहे. देवळाची वाट सगळ्यांना ठाऊक. मला ओढ आहे ती कडेच्या बारीक वाटांची. त्यांना पाटी नाही, नकाशात रेघ नाही. एका गुराख्याला विचारलं, "ही कुठं जाते रे?" तो म्हणाला, "तुम्हाला कुठं जायचंय, चाचा?" त्याला माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला असावा.

याच डोंगराळ मुलखात तेर आहे, म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाची माहितीपुस्तिका लिहिली. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावर तगर हे मोठं शहर असल्याचं तो सांगतो. तिथून साधं कापड, मलमल असा माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. आम्ही चादरींच्या गावचे, त्यामुळे हे वाचून बरं वाटतं. पण तो आणखी एक गोष्ट नोंदवतो : हा माल वाटा नसलेल्या मोठ्या मुलखातून येतो. आता गाड्या भरून माल येत होता, तर वाट नव्हती कशी? पुस्तक लिहिणाऱ्याला ती ठाऊक नव्हती, एवढंच. गाडीवानाला विचारलं असतं तर त्यानं मुक्कामांसकट सांगितली असती.

पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे आणली. १८९७ मध्ये ती बार्शीला पोचली आणि १९११ पर्यंत लातूरला. या गाडीनं एक सरहद्द ओलांडली होती. बार्शी मुंबई इलाख्यात आणि वरची येडशी निजामाच्या राज्यात. ज्यांना कुणाच्या नजरेस पडायचं नव्हतं, त्यांना स्टेशन उपयोगाचं नव्हतं. त्यांना आडवाटाच हव्या होत्या.

१९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाची केंद्रं या सरहद्दीवर होती. कार्यकर्ते आत-बाहेर करत. रझाकारांच्या जुलमाला कंटाळून कितीतरी कुटुंबं सोलापूर-बार्शीकडे उतरली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनं नळदुर्गकडे शिरली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. त्या लढ्याची स्मारकं झाली, ती व्हायलाच हवीत.

पण त्यानंतरचे काही आठवडे आपल्या बोलण्यात फारसे येत नाहीत. आता मुसलमान कुटुंबांवर पळण्याची वेळ आली. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं वर्षअखेरीस दौरा केला आणि संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असावीत, असा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. हा अहवाल लोकांना पाहायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास. पासष्ट वर्षं तोही वाट चुकल्यासारखाच होता.

माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात एक खाला होत्या. त्या दिवसांत बालाघाट उतरून आलेल्या. दिवसा तुरीच्या शेतात बसायचं आणि रात्री चालायचं, एवढंच सांगत. रझाकारांच्या वेळी गावातली हिंदू घरं ज्या वाटेनं गेली, त्याच वाटेनं आम्ही आलो, असंही म्हणत. ती वाट त्यांना एका धनगरानं दाखवली. ओढ्यापर्यंत सोबत आला, मेंढरं मागं पुढं हाकत, म्हणजे पावलं मोडतील. भाकरी दिली आणि परत फिरला. त्याचं नाव त्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला, नाव कळलं तर तुम्ही कुठंतरी सांगाल.