ढवळ्याशेजारी पवळ्या

मुलगी द्यायची असली की आमच्या वसईतली अनुभवी माणसे मुलाकडे फार वेळ पाहत नाहीत. मुलगा त्या दिवशी चांगलाच दिसतो. दाढी घोटलेली असते, शर्टाला कडक इस्त्री असते आणि ‘सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही हो’ हे वाक्य त्याच्या मामाने दारातच टाकलेले असते. म्हणून जाणती माणसे पाहतात ती मुलाबरोबर आलेल्या मित्राकडे. तो पोहे कसे खातो, मोठ्यांसमोर पाय कुठे ठेवतो, मधेच उठून कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे सटकतो का, यावर मुलाचे गुण ठरतात. ‘मुलगा बरा आहे हो, पण तो बरोबरचा...’ एवढे म्हणून वडिलांनी मान हलवली की स्थळ बारगळले म्हणून समजावे.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण ज्या कोणा शेतकऱ्याने पहिल्यांदा उच्चारली, त्याला आज एखाद्या विद्यापीठाने राज्यशास्त्राची पदवी घरपोच द्यायला हवी. कारण निवडणुकीतही नेमके हेच चालते. ज्याचे मत ठरलेले आहे तो मतदार ढवळ्याकडेच पाहतो. ज्याचे ‘तळ्यात की मळ्यात’ चालले आहे, तो मात्र शेजारी कोण बांधलाय ते आधी बघतो.

अमेरिकेत तर हा पवळ्या घटनेनेच पुरवलेला आहे. तिथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपल्याबरोबर उपाध्यक्षपदाचा एक जोडीदार घेऊन फिरतो. १९६० साली जॉन केनेडी उभे राहिले. ते कॅथलिक होते. आता कॅथलिक म्हणजे आम्हा वसईकरांच्या लेखी नाताळात गोडधोड पाठवणारा शेजारी. पण अमेरिकेत तोवर एकही कॅथलिक माणूस राष्ट्राध्यक्ष झाला नव्हता. शिवाय केनेडी उत्तरेकडचे, श्रीमंत, हार्वर्डमध्ये शिकलेले. दक्षिणेकडच्या मतदाराला हे जरा जड जाणार होते. तेव्हा त्यांनी टेक्ससचे लिंडन जॉन्सन बरोबर घेतले आणि टेक्सस सुमारे ४६ हजार मतांनी जिंकले. ते जॉन्सनमुळेच मिळाले का, यावर विद्वानांचे वाद आहेत. पुढे २०२० साली डिव्हाइन आणि कोप्को या दोन अभ्यासकांनी या विषयावर एक अख्खे पुस्तकच लिहिले. त्याचे सार असे की, जोडीदार स्वतःची मते फारशी आणत नाही. पण त्याच्याकडे पाहून लोक मुख्य उमेदवाराची पारख करतात. म्हणजे पुन्हा मुलाचा मित्र आणि पोहेच!

पण अमेरिकन मतदाराची एक पंचाईत आहे. तिथे जोडी एकाच चिठ्ठीवर असते. ढवळ्या हवा आणि पवळ्या नको, असे म्हणायची सोय नाही. त्यामुळे पवळ्याचे खरे वजन किती, हे कळणार कसे?

आमच्याकडे ती सोय होती, आणि तीही या वसईत. आज आमचा तालुका पालघर जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधी आम्ही ठाणेकर. आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ठाण्याचा मतदारसंघ होता जोडखासदारांचा. एक जागा सर्वसाधारण, एक आदिवासींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. तेव्हा चिठ्ठीवर शिक्काही मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. आडोशाला जाऊन चिठ्ठी त्या पेटीत सोडायची, की झाले मतदान.

आमच्या आजीने आयुष्यातले पहिले मतदान असे केले. हातात दोन चिठ्ठ्या आल्या, आणि तिने दोन्ही एकाच पेटीत टाकल्या. आजोबांनी घरी आल्यावर विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘एका घरातली दोन भावंडं. त्यांना वेगवेगळ्या दारात सोडायची म्हणजे काय?’’ त्यातली एक चिठ्ठी बाद झाली असणार, हे तिला कोणीही शेवटपर्यंत पटवू शकले नाही.

त्या निवडणुकीत ठाण्यातून काँग्रेसचे दोघे दिल्लीला गेले. गोविंद धर्माजी वर्तक आणि अनंत सावळाराम नांदकर. यातले पहिले म्हणजे आमच्या वसईचे अण्णासाहेब वर्तक. त्यांच्या नावाचे महाविद्यालय वसई रोडला आहे. आमच्या घरातली तीन माणसे तिथून पदवी घेऊन बाहेर पडली. आणि दुसरे? मी सकाळच्या विरार लोकलमध्ये हा प्रश्न टाकून पाहिला. डब्यात पेपर वाचणारे, भजन म्हणणारे, राजकारणावर रोज अंधेरीपर्यंत तावातावाने बोलणारे, सगळे होते. नांदकर कोणालाच ठाऊक नव्हते. एकाने तर ‘‘कुठल्या बिल्डिंगमध्ये राहतात?’’ असेही विचारले.

आजीच्या एका चिठ्ठीचे आपल्याला हसू येते. पण त्याच साली शेजारच्या मुंबईत जे झाले, त्याचे हसू येत नाही. उत्तर मुंबईचा मतदारसंघही असाच जोडीचा होता. तिथे राखीव जागेवर उभे होते साक्षात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि समझोत्याने त्यांचे जोडीदार होते समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. एक राज्यघटनेचा शिल्पकार, दुसरा कामगार चळवळीतला गाजलेला विद्वान. यापेक्षा देखणी जोडी कागदावर सापडायची नाही. दोघेही पडले. बाबासाहेबांना काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांनी सुमारे १४ हजार मतांनी हरवले. निकालानंतर आंबेडकर आणि मेहता या दोघांनी मिळून तक्रार अर्ज केला आणि ७४,३३३ मते बाद झाली याकडे बोट दाखवले. फरक १४ हजारांचा, वाया गेलेली मते त्याच्या पाचपट!

दोन वर्षांनी, १९५४ साली, भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. पुन्हा जोडमतदारसंघ, पुन्हा तीच जोडी. या वेळी अशोक मेहता निवडून आले, आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले. त्यांना हरवणारे काँग्रेसचे भाऊराव बोरकर. जोडी तीच, सभा त्याच, मतदारही तेच. पण आडोशाला गेल्यावर हात दोनदा पेटीकडे जातो, आणि दुसऱ्यांदा जाताना तो कुठे वळतो हे कोणाला दिसत नाही. बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहिल्याने मेहतांचे वजन वाढले असेल. मेहतांच्या शेजारी उभे राहून बाबासाहेबांना पुरेशी मते काही मिळाली नाहीत. म्हणीत गुण ढवळ्याकडून पवळ्याकडे जातो की उलटा, हे तपासायचे असेल तर भंडाऱ्याचा निकाल पाहावा. ज्यांनी देशाला मताचा हक्क लिहून दिला, त्यांच्या वाट्याला लोकांचे ते दुसरे मत आले नाही. लोकसभेची निवडणूक ते त्यानंतर कधीच लढले नाहीत. १९५६ साली ते गेले.

मग आले १९५७. संयुक्त महाराष्ट्राचे वारे. ठाण्यात समितीच्या बाजूने दोघे होते, दोघेही कम्युनिस्ट. सर्वसाधारण जागेवर शामराव परुळेकर आणि राखीव जागेवर लक्ष्मण मातेरा. परुळेकर म्हणजे शिकलेला, शहरी माणूस. १९३७ साली ते बाबासाहेबांच्याच स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत गेले होते. पुढे १९४५ पासून गोदावरीबाईंबरोबर डहाणू-तलासरीच्या रानात राहून वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. मातेरा आदिवासी.

आमच्या आजोबांची केळीची आणि पानवेलीची वाडी. त्यांना मुंबईसह महाराष्ट्र तर हवा होता, पण लाल बावट्याचे नाव काढले की त्यांचे लक्ष आपोआप वाडीच्या कुंपणाकडे जाई. म्हणजे अस्सल तळ्यात-मळ्यात मतदार. शेवटी त्यांनी निर्णय घेतला तो मातेरांकडे पाहून. ‘‘एवढा शिकलेला माणूस जंगलपट्टीतल्या माणसाच्या मांडीला मांडी लावून मत मागतो,’’ ते म्हणाले, ‘‘तो माझी वाडी बुडवायचा नाही.’’ शेजारच्या वाडीतले काका त्याच मातेरांकडे पाहून नेमके उलटे म्हणाले, ‘‘असल्यांना बरोबर घेऊन यानं डहाणूच्या सावकारांना घाम फोडला. उद्या आपली पाळी!’’ माणूस एकच, ओटे शेजारशेजारचे, पण एका ओट्यावर त्याच्यामुळे मत मिळाले आणि दुसऱ्यावर गेले. जोडीदार हा आरसा असतो म्हणतात. मला वाटते, त्यात उमेदवारापेक्षा मतदारच जास्त दिसतो.

परुळेकर आणि मातेरा दोघेही निवडून आले. डहाणूच्या ज्या मुलखात काही वर्षांपूर्वी माणसे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबत होती, त्या जिल्ह्याचा एक आदिवासी खासदार झाला. तेव्हा ‘पवळ्या म्हणजे शोभेपुरता’ असे निदान ठाणे जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये.

ही जोडमतदारसंघाची गंमत फार टिकली नाही. त्याच १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये राखीव जागा तर आदिवासी उमेदवाराने जिंकलीच, पण उरलेल्यांत जास्त मतेही दुसऱ्या आदिवासी उमेदवाराला, डिप्पला सूरी डोरा यांना पडली, आणि सर्वसाधारण जागाही त्यांच्याकडे गेली. हरले कोण? तर पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने १९५९ साली डोरांचीच बाजू बरोबर ठरवली. जोपर्यंत दुसरा शेजारी बसून गाडी ओढत होता, तोवर सगळे ठीक होते. तो पहिल्याच्या जागेवर येऊन बसला, आणि १९६१ च्या कायद्याने ही जोडीची पद्धतच बंद झाली.

आता महापालिकांत तिचीच चुलत बहीण आली आहे. १५ जानेवारी २०२६ रोजी वसई-विरारला मतदान झाले, तेव्हा ११५ जागा २९ प्रभागांत बसवलेल्या होत्या. एका प्रभागात बहुधा चार उमेदवार, अ ब क ड; मतदाराला मतेही चार. विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा कसा बसतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला पॅनल समजावून सांगायला नको. पहिले तिघे आरामात. चौथा अर्धा हवेत, आणि तरी हसतमुख.

आमच्या सोसायटीतही अशा चौकड्या येऊन गेल्या. एका चौकडीतला पहिला भारदस्त होता. त्याने पाण्यावर चांगली दहा मिनिटे भाषण केले. दुसऱ्याने मान डोलावली, तिसऱ्याने पत्रके वाटली. चौथी एक साधीशी बाई मागे उभी होती. जाता जाता तिने आमच्या सौ.ला हळूच विचारले, ‘‘टँकर कितीला पडतो तुम्हाला? आमच्याकडं तर रात्री दोनला येतो मेला.’’

दार लावल्यावर मी त्या भारदस्त माणसाबद्दल सौ.चे मत विचारले. ती म्हणाली, ‘‘त्याचं मला काही सांगता येत नाही. पण जी रात्री दोनला उठून पाणी भरते, तिला ज्यानं बरोबर आणलं, त्याला थोडीफार अक्कल असणार. मात्र पहिलं मत मी तिला देईन. त्याचं नंतर बघू.’’

अमेरिकेतल्या त्या दोन अभ्यासकांना जे सांगायला एक पुस्तक लागले, ते सौ.ने दाराची कडी लावता लावता सांगितले. वर त्यांना न सुचलेली एक दुरुस्तीही केली: दुसऱ्या माणसाकडे पाहून पहिल्याला मत द्यायची चाल जुनी आहे, कधीतरी दुसऱ्याकडे पाहून दुसऱ्यालाच मत द्यावे, आणि जमल्यास त्याचे नावही लक्षात ठेवावे. नांदकर, मातेरा. बघा, दोन तर आपले आत्ताच पाठ झाले.