वेष्टनावरून पुसलेले गांधीजी

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनालाही इतिहास असतो असे म्हटल्यास पुष्कळांना हसू येईल. फार काळ तो नव्हताही. तबकडी साध्या कागदी पिशवीत येई आणि वाण्याच्या पुडीइतकेच त्या पिशवीचे कौतुक होई. १९४० च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने तिला चित्रांचा अंगरखा चढविला. पुढे १९४८ मध्ये बारा इंची लाँग-प्ले तबकडी आली. पण या चौकोनाचे खरे नशीब फळफळले ते रॉक संगीताच्या दिवसांत. १९६७ सालच्या दोन वेष्टनांचा आपल्याशी संबंध आहे; त्यांपाशीच आपण थांबू.

पहिले बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चे. पीटर ब्लेक व जॅन हॉवर्थ या चित्रकार दांपत्याने नामांकितांच्या पुठ्ठ्याच्या आकृत्या रांगांनी उभ्या केल्या, पुढे ते चौघे बँडवाल्यांच्या झगझगीत पोशाखात उभे राहिले आणि ३० मार्च रोजी मायकेल कूपर याने छायाचित्र घेतले. त्या मेळ्यात परमहंस योगानंदांसह चार भारतीय योगी होते, पुढच्या बाजूस लक्ष्मीची लहानशी मूर्ती होती, आणि गांधीजीही होते. ई. एम. आय. कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनी गांधीजींना तेवढी हरकत घेतली. हिंदुस्थानातील लोक दुखावतील ही त्यांची धास्ती. आणि कंपनीचा तबकड्यांचा कारखाना तर कलकत्त्याजवळ दमदमला! गांधीजींच्या जागी ताडाची पाने आली. योगी राहिले, लक्ष्मीही राहिली.

दुसरे त्याच डिसेंबरातले, जिमी हेंड्रिक्सच्या 'अ‍ॅक्सिस : बोल्ड अ‍ॅज लव्ह'चे. बाजारी विश्वरूपदर्शनाच्या रंगीत चित्रात हेंड्रिक्स व त्याच्या दोघा साथीदारांचे चेहरे बसविले होते. खुद्द हेंड्रिक्सला ते रुचले नाही. आपल्या अंगात अमेरिकेतील मूळच्या इंडियनांचे रक्त आहे असे तो सांगे, आणि चित्र निघाले भलत्याच इंडियनांचे!

यावर संतापणे सोपे आहे. पण देवांना छापखान्यात आणले कोणी? रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईतच निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथल्या देवता घरोघर पोचल्या. फटाक्यांच्या पुड्यांवरची लक्ष्मी तर आपणच फाडून टाकतो. तेव्हा देव छापण्याला आमची हरकत नाही. ज्या मुखापुढे कोणी हात जोडतो ते पुसून तेथे गवयाचे मुख बसवावे का, हा प्रश्न हेंड्रिक्सच्या वेष्टनापाशी त्या वेळी कोणी विचारलेला दिसत नाही. गांधीजींपाशी तो विचारला गेला. पण त्यात आदर किती आणि खपाची चिंता किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

कूपरने त्या दिवशी टिपलेल्या इतर छायाचित्रांत गांधीजी अजून आपल्या जागी दिसतात.