एव्हर्सलीचे पाद्री : चार्ल्स किंग्जली

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये खेड्यातील पाद्री हा केवळ धर्मोपदेशक नव्हता. गावात विद्यापीठात शिकलेला बहुधा तोच एकटा असे. त्याच्यापाशी ग्रंथ असत, निश्चित उत्पन्न असे आणि थोडी फुरसतही असे. या फुरसतीचे काय करावे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न होता. चार्ल्स किंग्जली (१८१९-१८७५) यांनी त्याला दिलेले उत्तर आजही विचार करण्याजोगे आहे.

डेव्हन परगण्यात जन्मलेले आणि केंब्रिज येथे शिकलेले किंग्जली १८४२ साली हँपशरमधील एव्हर्सली या गावी साहाय्यक पाद्री म्हणून आले. १८४४ मध्ये ते तेथील मुख्य पाद्री झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. गरीब, निरक्षर शेतमजुरांच्या त्या गावात त्यांनी प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग चालविले. पादत्राणे व कोळसा यांसाठी बचतमंडळे काढली. कर्जाऊ निधी उभारला आणि पुस्तके घरी नेऊ देणारे छोटेसे ग्रंथालयही सुरू केले.

१८४८ च्या चार्टिस्ट चळवळीनंतर ‘पार्सन लॉट’ या टोपणनावाने त्यांची लेखणी कष्टकऱ्यांच्या बाजूने चालू लागली. स्वस्त कपड्यांच्या व्यापारामागे शिंप्यांची होणारी पिळवणूक त्यांनी १८५० साली एका पुस्तिकेत उघड केली. १८५१ मध्ये त्यांच्या एका प्रवचनामुळे लंडनच्या बिशपांनी त्यांना त्या शहरात प्रवचने करण्यास काही काळ मनाई केली होती.

त्यांचे निसर्गविषयक निबंध मात्र एव्हर्सलीच्या मातीतून उगवले. ‘माय विंटर गार्डन’ (१८५८) या निबंधात दूरदेशीच्या प्रवासाला मुकलेला पाद्री घराजवळच्या माळरानातच सारे जग शोधतो. हा निबंध पुढे ‘प्रोज आयडिल्स’ (१८७३) या संग्रहात आला. निसर्गाच्या या अभ्यासामुळेच डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथाचे त्यांनी मोकळ्या मनाने स्वागत केले. त्यांच्या पत्रातील आशय डार्विन यांनी दुसऱ्या आवृत्तीत, नाव न घेता, उद्धृत केला.

तथापि या सहृदयतेला मर्यादा होत्या. १८६५ मध्ये जमैकातील कृष्णवर्णीयांचा उठाव गव्हर्नर आयर यांनी चिरडला; चारशेहून अधिक माणसे मारली गेली. त्या आयर यांची किंग्जली यांनी पाठराखण केली. आपल्या गावच्या मजुराचे दुःख ओळखणारी दृष्टी समुद्रापलीकडच्या मजुरापर्यंत पोहोचली नाही. त्यांच्या कार्याचे मोल करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

१८७३ मध्ये त्यांची वेस्टमिन्स्टर ॲबीत कॅनन या मानाच्या पदावर नेमणूक झाली. २३ जानेवारी १८७५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा दफन मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे एव्हर्सलीच्या चर्चच्या आवारात, ज्यांना त्यांनी अक्षरे शिकविली त्या गावकऱ्यांमध्येच, करण्यात आले.