पेटी कुठून आली आणि दिंडीत टाळ-मृदंगच का

दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणून स्मरणिकेसाठी भजनाच्या वाद्यांवर चार शब्द लिहा, अशी आज्ञा झाली. आमचे शिक्षण चौथीपर्यंत. शेती करून कीर्तनाची सेवा करताना जाणत्यांकडून जे ऐकले, विचारून पक्के केले, तेवढेच इथे मांडतो.

हल्ली तरुण मंडळी विचारतात, "महाराज, मुक्कामाला कीर्तनात पेटी चालते, मग चालत्या दिंडीत का नको? गाडीवर ठेवू, भोंगा लावू, लांबपर्यंत ऐकू जाईल." प्रश्न रास्त आहे. 'पेटी परकी आहे' एवढंच म्हणून पोरांना गप्प बसवणं बरं नाही. आधी तिची कुळी बघू.

पेटीत भाता असतो, लोहाराच्या भात्यासारखाच. त्याची हवा धातूच्या पातळ जिभेवरून गेली की ती जीभ थरथरते आणि सूर निघतो. ही युक्ती फार जुनी. चीन देशात शेंग नावाचं बांबूच्या नळ्यांचं, तोंडाने फुंकायचं वाद्य हजारो वर्षांपासून आहे, त्यात अशाच जिभा असतात. युरोपातल्या कारागिरांनी ती युक्ती उचलली. पॅरिस शहरातल्या अलेक्झांडर देबें नावाच्या कारागिराने 1842 साली हार्मोनियमचा हक्क नोंदवला. तिकडे मोठ्या चर्चमध्ये भिंतीएवढा ऑर्गन असतो. लहान गावाला तो कुठला परवडणार? त्यांची सोय या पेटीने झाली. मिशनरी लोकांबरोबर ती हिंदुस्थानात आली.

पण ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. आपण मांडी घालून गाणारी माणसं. 1875 च्या सुमाराला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागच्या अंगाला घेतला आणि हाताने चालणारी पेटी केली. एका हाताने भाता, एका हाताने पट्ट्या. मग ती सगळीकडे गेली. नारदीय कीर्तनात गेली, गावोगावच्या भजनी मंडळांत गेली. नाटक कंपन्यांत पायपेटी होतीच.

मोठमोठ्यांनी तिला विरोधही केला. रवींद्रनाथ टागोरांना ती पसंत नव्हती. 1940 साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती 1971 पर्यंत सैल झाली नाही. कारण काय? पेटीवर एका सप्तकात बारा पट्ट्या. पट्टी दाबली की ठरलेला सूर. आपला गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. दोन पट्ट्यांच्या मधली ती वाट पेटीला नाही.

आता पंजाबात बघा. नामदेव महाराजांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. आपण नामदेवराय टाळ-मृदंगावर गातो, ते रागात गातात. गुरू नानकांबरोबर भाई मरदाना रबाब वाजवत असत, म्हंजे तिथलं मूळ वाद्य तारेचं. पुढे पेटी-तबला आला आणि रुळला. 2022 साली अकाल तख्ताकडून सांगण्यात आलं की अमृतसरच्या हरमंदिर साहिबात पेटी हळूहळू कमी करून जुनी तंतुवाद्ये परत आणावीत. तेव्हा हा विचार एकट्या आपल्याच घरचा नाही.

मग आपली दिंडी काय सांगते? आमचं म्हणणं, इथे परकं-आपलं हा मुद्दाच नाही. मुद्दा चालण्याचा आहे, आणि गातं कोण याचा आहे.

वीणा गळ्यात असते. तिच्यावर कुणी गत वाजवत नाही, ती नुसता सूर धरते, आणि तिच्या सुराला सगळे गळे येऊन मिळतात. मृदंगही गळ्यात. डाव्या तोंडाला कणीक लावली की खर्ज बोलतो. पाऊस आला की चामडं उतरतं, म्हणून मृदंगी आधी वाद्य झाकतो, मग डोकं. टाळ मात्र ज्याच्या त्याच्या हातात. भजनी ठेका आठ मात्रांचा, पायाला सहज बसतो. आपल्या भाषेत पायाचीही चाल आणि अभंगाचीही चालच, हे काही उगाच नाही. एका रांगेने चरण म्हणायचा, समोरच्या रांगेने उचलायचा. त्यात ऐकणारा वेगळा राहत नाही.

शेतकऱ्याला दृष्टांत शेताचाच कळतो. पाटाला पाणी कितीही सोडा, शेवटच्या वाफ्यात पोचलं तर पीक. नाहीतर तोंडाशी चिखल आणि शेवटाला भेगा. भोंगा लावला की आवाज लांब जातो हे खरं, पण गाणं एकाच्याच तोंडात राहतं. मागची डोक्यावर तुळस घेतलेली माउली गप्प होते. भोंग्यापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू येत नाही, मग ती कशाला गाईल?

म्हणून आमचा विचार असा. मुक्कामाला पेटी असो, तिने गळ्याला आधार दिला तर वाईट नाही. चालत्या दिंडीत वीणा, टाळ, मृदंग एवढंच ठेवावं. भोंगा तर नकोच.

पण नुसतं नको म्हणून भागत नाही. जुन्या चाली कागदावर नाहीत, म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहेत. विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, म्हणून केवढी परंपरा टिकली. सगळ्यांच्या पोरांना आळंदीला जाता येत नाही. तेव्हा शंभराव्या वर्षी एवढंच करू या. दर एकादशीला देवळात दोन जुन्या टाळकऱ्यांनी बसावं, गावातली पोरं-पोरी जवळ घ्यावीत आणि हरिपाठाच्या, काकड्याच्या चाली त्यांच्या गळ्यात उतरवाव्यात. आमच्याकडे आहेत तेवढ्या चाली आम्ही देतो, ज्याने यायचं त्याने यावं.

पंढरीनाथ भगवान की जय.