नोटेवर ₹, पडद्यावर चौकोन
ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट आणि मराठी मजकूर

नाशिक रोड : येथील करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटांची छपाई होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी रुपयाच्या ₹ या चिन्हाला मान्यता दिली. डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह असलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेने २०११-१२ मध्ये चलनात आणण्यास प्रारंभ केला. कागदावर चिन्ह उमटवण्यासाठी छपाईचा साचा बदलणे पुरेसे असते. संगणकावर मात्र त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच बदलावी लागते. अपडेट म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यास ₹ चा हा प्रवास उपयुक्त आहे.

चिन्ह पडद्यावर कसे आले?

चिन्हाला मान्यता मिळताच मंगळूरच्या फोरॅडियन कंपनीने एक फाँट उपलब्ध करून दिला. त्यात टॅबच्या वरील कळ दाबली की ₹ उमटत असे. परंतु तो फाँट नसलेल्या संगणकावर त्याच जागी निराळेच चिन्ह दिसे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत ₹ ला स्वतंत्र क्रमांक मिळाला. मायक्रोसॉफ्टने मे २०११ मध्ये विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ साठी त्याचे अपडेट दिले. त्यानंतर 'इंग्लिश (इंडिया)' कळफलकावर उजवी ऑल्ट कळ व ४ एकत्र दाबून ₹ लिहिता येऊ लागले. ज्या संगणकांवर हे अपडेट नव्हते, तेथे ₹ च्या जागी रिकामा चौकोन दिसत असे. विंडोज एक्सपी या अपडेटपासून वंचितच राहिली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची सेवाही थांबली.

मराठीची जुनी अडचण

मराठी मजकुराची अडचण याच जातीची, पण कितीतरी मोठी आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये संगणक 'क' साठवत नाही. तो एखाद्या रोमन अक्षराचा क्रमांक साठवतो आणि त्यावर 'क' चे चित्र दाखवतो. ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकताना तो फाँट राहून गेला, की संस्थेचे इतिवृत्त असो वा वकिलाचा दस्तऐवज, निरर्थक रोमन अक्षरांची रांग समोर येते. फाइल शाबूत असते. वाचण्याची किल्ली हरवलेली असते.

युनिकोडमुळे हे संकट टळते. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय आली. एक्सपीमध्ये ती स्वतंत्रपणे सुरू करावी लागे. व्हिस्टापासून ती आपोआप मिळू लागली. तरीही फाँट बदलण्याचा प्रश्न उरतो. विंडोज १० मध्ये 'मंगल' हा जुना देवनागरी फाँट पर्यायी घटकांच्या यादीत गेला. तो नसल्यास मजकूर वाचता येतो, पण दुसऱ्या फाँटमध्ये दिसल्याने ओळी व पाने पुढेमागे सरकतात.

सवयीचा प्रश्न

मांडणीतील बदल डोळ्यांना आणि बोटांना अडखळवतात. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचे बटण काढले गेले. नाराजीनंतर २०१३ मध्ये ८.१ आवृत्तीत ते परत आले. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ते पट्टीच्या मध्यभागी आले. टास्कबारच्या सेटिंगमधून ते पुन्हा डावीकडे नेता येते.

टंकलेखकांची अडचण अधिक खोल आहे. टाइपरायटरवर शिकलेली रेमिंग्टन पद्धत विंडोजमध्ये मुळात नाही. तिचे सॉफ्टवेअर वेगळे घ्यावे लागते आणि नव्या आवृत्तीशी ते जुळेलच असे नसते. विंडोजसोबत येणारा मराठी कळफलक इनस्क्रिप्ट पद्धतीचा असतो. २०१९ मध्ये विंडोज १० ला उच्चारानुसारी कळफलकाचीही जोड मिळाली.

अपडेटपूर्वी हे करावे

* सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.
* वापरात असलेल्या फाँटची व टंकलेखन सॉफ्टवेअरची नावे, परवाना क्रमांकासह लिहून ठेवावीत.
* जुन्या फाँटमधील मजकूर, तो नीट दिसत असतानाच, युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. जोडाक्षरे, रफार आणि 'ऱ्य' मूळ प्रतीशी ताडून पाहावेत.
* महत्त्वाच्या कागदपत्रांची फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत काढावी.
* अपडेटनंतर मराठी कळफलक आहे का ते पाहावे. विंडोज कळ व स्पेसबार एकत्र दाबल्यास भाषा बदलते.

टाळणे हा उपाय नव्हे

मांडणी बदलेल या धास्तीने अनेक जण अपडेट लांबणीवर टाकतात. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विस्तारित सुरक्षा योजनेत नसलेल्या संगणकांना त्यानंतर सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळत नाहीत. शिवाय विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आवश्यक असल्याने अनेक जुन्या यंत्रांवर ती अधिकृतपणे चढत नाही. संगणकच बदलावा लागला, तर जुना निकालात काढण्यापूर्वी त्यातील मराठी फाइली नव्या यंत्रावर उघडून वाचून पाहाव्यात. स्टार्टचे बटण कोठे गेले हे चार दिवसांत अंगवळणी पडते. न वाचता येणारी फाइल मात्र सवयीने वाचता येत नाही.