कूलचे ग्रेगरी : कुळाचा वृक्ष आणि कुळांची जमीन

मराठीत 'कूळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक घराण्याचा, दुसरा दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्या माणसाचा. आयर्लंडमधील ज्या घराण्याविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत त्याच्या गावाचे नावही योगायोगाने 'कूल' असे आहे. शब्दांच्या या योगायोगाला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. तरी घराण्याचा इतिहास लिहू जाता कुळांचा इतिहास कसा मागे सारला जातो, याची आठवण तो सतत करून देतो एवढे खरे.

कूल पार्क म्हटले की साहित्याच्या अभ्यासकाला आठवतात ती येट्सच्या कवितेतील हंसांची जोडपी, तळे, पाहुण्या लेखकांनी आपली आद्याक्षरे कोरलेला तांबूस पानांचा बीच वृक्ष, आणि या सर्वांची यजमानीण लेडी ऑगस्टा ग्रेगरी. तिची 'द रायझिंग ऑफ द मून' ही एकांकिका आपल्याकडील इंग्रजीच्या अनेक पाठ्यक्रमांत शिकवली गेली आहे. शिकवताना आयरिश पुनरुज्जीवन, अ‍ॅबी थिएटर, लोकभाषेचा वापर हे मुद्दे येतात. ज्या घरात बसून हे साहित्य लिहिले गेले ते घर कोणत्या पैशावर उभे होते, भोवतालची जमीन कोणाची होती, हा प्रश्न सहसा येत नाही. तो आला तर साहित्याचे नुकसान होईल, अशी एक भीती शिक्षकांच्या मनात असावी. आम्हांला ती अनाठायी वाटते.

घराण्याची सुरुवात वंशावळीत होते तशी जमिनीत होत नाही. परंपरा ग्रेगरींचे मूळ इंग्लंडातील वॉरिकशायर परगण्यात नेते. तशी मुळे सतराव्या शतकानंतर आयर्लंडमध्ये आलेल्या बहुतेक प्रॉटेस्टंट घराण्यांनी जपली होती, कारण आपण कोठून आलो हे सांगता येणे हाच येथे असण्याचा परवाना होता. खऱ्या अर्थाने कूलचा मूळपुरुष म्हणजे रॉबर्ट ग्रेगरी. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमध्ये व्यापार करून गबर झालेला हा गृहस्थ १७६० च्या दशकात परतला. अशा माणसांना त्या काळी इंग्लंडात उपहासाने 'नबॉब' म्हणत. १७६८ साली त्याने गॉलवे परगण्यात गॉर्टजवळ कूलची मालमत्ता विकत घेतली आणि पुढे ती वाढवत नेली. भर ओसरण्यापूर्वी ती सुमारे पंधरा हजार एकर होती.

हा रॉबर्ट ब्रिटिश पार्लमेंटात बसला, कंपनीचा संचालक झाला आणि १७८२ मध्ये तिचा अध्यक्ष. मराठी वाचकाला ते साल ओळखीचे आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपले. ज्या वॉरन हेस्टिंग्जने ते युद्ध चालवले, त्याच्या विरोधकांत हा ग्रेगरी होता. फॉक्सच्या १७८३ च्या फसलेल्या इंडिया बिलात कंपनीचा कारभार ज्या सात जणांच्या हाती द्यायचा होता त्यांतही त्याचे नाव होते. म्हणजे कंपनीच्या अनाचाराला विरोध करणारा हा माणूस कंपनीच्याच पैशावर आयर्लंडमध्ये जमीनदार झालेला होता. यात ढोंग शोधण्याची घाई आम्ही करणार नाही. त्या पिढीला यात विसंगती दिसत नव्हती, आणि ती का दिसत नव्हती हा अधिक उपयोगी प्रश्न आहे.

ग्रेगरींच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. शेजारच्या अनेक मालमत्तांप्रमाणे कूल जप्तीतून मिळालेले नव्हते. ते रोख पैसे मोजून घेतलेले होते. गॉर्टचे जुने धनी ओशॉनेसी. दुसऱ्या जेम्सची बाजू घेतल्यामुळे त्यांची जमीन जप्त होऊन १६९७ मध्ये टॉमस प्रेंडरगास्ट याला बक्षीस मिळाली, आणि ओशॉनेसींचे वारस पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कोर्टकचेऱ्या करत राहिले. त्या तुलनेत ग्रेगरींचे खरेदीखत स्वच्छच म्हणायचे. परंतु बाजार स्वच्छ होता काय? १६४१ साली आयर्लंडमधील सुमारे ५९ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. १६८८ मध्ये ती २२ टक्क्यांवर आणि १७०३ पर्यंत १४ टक्क्यांवर आली. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना जमीन विकत घेण्यास मनाई केली आणि एकतीस वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टाही त्यांना मिळेना. ही बंदी १७७८ आणि १७८२ च्या कायद्यांनी उठली. १७६८ मध्ये कूलसाठी बोली लावणाऱ्यांत, गावातील बहुसंख्य लोक ज्या धर्माचे होते त्या धर्माचा एकही माणूस कायद्याने असूच शकत नव्हता. खरेदी आणि जप्ती यांतील अंतर कागदावर वाटते तेवढे मोठे नाही.

मधल्या दोन पिढ्यांविषयी थोडक्यात सांगता येते. नबॉबाचा मुलगा विल्यम १८१२ ते १८३० डब्लिनच्या राजवाड्यात उपसचिव होता. व्हाइसरॉय येत-जात, कारभार हा पाहत असे, आणि कॅथलिकांना राजकीय हक्क देण्याच्या तो विरोधात होता. त्याचा मुलगा, दुसरा रॉबर्ट, १८४७ साली दुष्काळातील मदतकार्यात ज्वर लागून मेला. हा मृत्यू घराण्याच्या इतिहासात अभिमानाने नोंदला जातो, आणि तो अभिमान खोटा नाही. मात्र त्याच वर्षी त्याच्या मुलाने जे केले त्यामुळे ग्रेगरी हे नाव आयरिश लोकांच्या तोंडी वेगळ्याच अर्थाने राहिले.

विल्यम हेन्री ग्रेगरी. १८४२ मध्ये पंचविशीतच डब्लिनचा खासदार झालेला, देखणा, बोलका, घोड्यांच्या शर्यतींचा नादी. १८४७ च्या वसंतात पार्लमेंटपुढे दुष्काळग्रस्तांच्या मदतीचा कायदा आला असता त्याने एक कलम सुचवले : पाव एकराहून अधिक जमीन ज्याच्या ताब्यात असेल त्याला सरकारी मदत मिळू नये. कलम ११७ विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाले.

वरवर पाहता यात क्रूर काही दिसत नाही. ज्याच्याकडे काही आहे त्याने धर्मादायावर जगू नये, एवढेच. त्याचे कार्य समजण्यासाठी आणखी एक कायदा ध्यानात घ्यावा लागतो. १८४३ पासून चार पौंडांहून कमी मूल्याच्या शेतावरील गरीब-कर कुळाने नव्हे तर जमीनदाराने भरायचा होता. अर्थात शेत जितके लहान आणि कुळे जितकी अधिक, तितका मालकाचा बोजा जास्त. बटाट्याचे पीक कुजलेले, खंड येणे बंद, कर मात्र वाढता. अशा वेळी लहान कूळ जमिनीवर असणे हाच मालकाचा तोटा होता. ग्रेगरी-कलमाने त्याला मार्ग दिला. भाकरी हवी तर शेत सोड. शेत सोडले की अनेक ठिकाणी घरही पाडले जाई, जरी कायद्याने घर मागितले नव्हते. शेत न सोडणारे उपाशी मेले, सोडणारे वर्कहाउसात गेले किंवा जहाजात बसले. १८४१ च्या जनगणनेत ८१ लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. हे सारे एका कलमाने घडले असे कोणी म्हणणार नाही. पण लहान शेतांचा आयर्लंड नाहीसा करण्याचे जे हत्यार कायद्याने दिले, त्यावर एकाच माणसाचे नाव कोरले गेले.

पुढचे पर्व नियतीच्या उपहासासारखे आहे. १८५७ मध्ये, कलमानंतर दहा वर्षांनी, विल्यम ग्रेगरीला आपल्या मालमत्तेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग विकावा लागला. दुष्काळानंतर बुडीत जमीनदारांची मालमत्ता निकाली काढण्यासाठी १८४९ मध्ये खास न्यायालय स्थापन झाले होते. कूलची जमीन त्यातूनच गेली. कुळे गेली ती भुकेने, मालकाची जमीन गेली ती मुख्यतः घोड्यांच्या शर्यतीत. उरले ते पाच हजार एकरांच्या आसपास. एवढ्या उत्पन्नावर त्या काळचा थाट चालणे कठीण होते, म्हणून पुन्हा वसाहतीकडे वळणे आले. १८७२ ते १८७७ तो सिलोनचा गव्हर्नर होता. कोलंबोचे संग्रहालय त्याच्याच कारकिर्दीत उभे राहिले, आणि त्यासमोर त्याचा पुतळा आहे. सिलोनमध्ये तो तळी दुरुस्त करणारा, शेतकऱ्यांची काळजी वाहणारा प्रशासक म्हणून ओळखला गेला. दोन्ही बेटांच्या आठवणीत दोन वेगळे ग्रेगरी आहेत, आणि आमच्या मते दोन्ही खरे आहेत.

१८८० मध्ये त्रेसष्ट वर्षांच्या या विधुराने सत्तावीस वर्षांच्या ऑगस्टा पर्सीशी विवाह केला. रॉक्सबरोचे पर्सी हे जवळच्याच भागातील मोठे प्रॉटेस्टंट जमीनदार. सोळा भावंडांत ऑगस्टा बारावी. पती १८९२ मध्ये वारला. त्यानंतर तिने केलेली पहिली मोठी साहित्यिक कामे नाटके नव्हती, हे तिच्या चाहत्यांच्याही लक्षात नसते. तिने १८९४ मध्ये पतीचे आत्मचरित्र संपादून छापले, आणि १८९८ मध्ये पतीच्या आजोबांचा, म्हणजे त्या उपसचिवाचा, पत्रव्यवहार. घराण्याविषयी आज जे सर्वत्र सांगितले जाते त्याचा मोठा भाग या दोन पुस्तकांतून, म्हणजे सुनेच्या टेबलावरून आलेला आहे. ही घराण्याची कैफियतच होय. आणि प्रत्येक कैफियतीप्रमाणे ती हक्क शाबीत करण्यासाठी लिहिलेली आहे. पाव एकराच्या कलमाचा प्रश्न आत्मचरित्रात टाळलेला नाही, पण तेथे त्याचे समर्थन आहे, पश्चात्ताप नाही. तो काळजीपूर्वक वाचणारी संपादिका तीच होती, जी काही वर्षांतच गावोगाव लोककथा गोळा करू लागली.

या कथा तिने कोठे गोळा केल्या? कुळांच्या झोपड्यांत, दारी येणाऱ्या भिकाऱ्यांकडून, आणि गॉर्टच्या वर्कहाउसात. 'पोएट्स अँड ड्रीमर्स' या १९०३ च्या पुस्तकात वर्कहाउसातील म्हाताऱ्यांच्या कथांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ज्यांनी दुष्काळ लहानपणी पाहिला असे लोक तेव्हा हयात होते. ज्या इमारतीच्या दाराशी कलमाने माणसे आणून सोडली, त्याच इमारतीत कलमकर्त्याची विधवा वही घेऊन बसली आहे, आणि त्या वहीतून पुढे 'किल्टार्टन' बोलीचे ते इंग्रजी घडते आहे ज्यावर अ‍ॅबीचा रंगमंच उभा राहिला. तिला हे जाणवले असेल काय? आमच्या मते जाणवले असावे. नाहीतर येट्सच्या साथीने 'कॅथलीन नी हूलिहान' (१९०२) मध्ये परक्यांनी बळकावलेली शेते परत मागणारी म्हातारी रंगवताना एवढी धार आली नसती. पण हेही तितकेच खरे की ती शेते नाटकात परत मागितली जात होती, तेव्हा कूलचा खंड वसूल होत होता आणि त्या खंडातूनच मुलाच्या वारशावरील कर्ज फेडले जात होते. आम्हांला यामुळे ते नाटक कमी प्रतीचे वाटत नाही. उलट त्यातील अस्वस्थता कोठून आली हे कळते.

मुलगा, तिसरा रॉबर्ट, चित्रकार होता. जानेवारी १९१८ मध्ये इटलीत ब्रिटिश वैमानिक म्हणून तो मारला गेला. येट्सच्या प्रसिद्ध कवितेत हा वैमानिक किल्टार्टनच्या गरिबांना आपले देशबांधव मानतो. कवितेपुरते ते सुंदर आहे. महसुली कागदांत मात्र ते गरीब त्याच्या घराण्याची कुळे होते, वा नुकतीच कुळे राहिलेली नव्हती. कारण १९०३ च्या विंडम कायद्यापासून सरकारी कर्जाने कुळे मालक होऊ लागली होती आणि कूलही त्यातून सुटले नाही. स्वतः येट्सने राहण्यासाठी घेतलेला बॅलिलीचा मनोरा एकेकाळी ग्रेगरींच्याच मालमत्तेत होता. ती जमीन सरकारी मंडळाकडे गेल्यावर त्याने तो पस्तीस पौंडांना घेतला.

१९२० ते १९२२ ही वर्षे सर्वांत अवघड. १ नोव्हेंबर १९२० रोजी किल्टार्टनजवळ रस्त्यावरून जाणाऱ्या सरकारी दलाच्या लॉरीतून गोळी सुटली आणि आपल्या दारात बसलेली आयलीन क्विन ही गरोदर स्त्री ठार झाली. लेडी ग्रेगरीने यावर लिहिले, नाव न देता लंडनच्या साप्ताहिकात छापले. येट्सने मृत रॉबर्टला उद्देशून 'रिप्रायझल्स' ही कविता लिहिली, पण ती कवीच्या मृत्यूनंतर, १९४८ मध्ये प्रकाशात आली. पुढच्याच मे महिन्यात रॉबर्टची विधवा मार्गारेट बॅलिट्युरिन येथे क्रांतिकारकांच्या हल्ल्यात सापडली. मोटारीतील ती एकटीच वाचली. १९२२ च्या यादवीत ऑगस्टाचे माहेर रॉक्सबरो जळाले. त्याच वर्षी एक कूळ जमीन मागण्यासाठी दमदाटी करत कूलवर आले, तेव्हा सत्तरीच्या या बाईने त्याला सांगितले की, रोज संध्याकाळी मी अमुक खिडकीशी लिहीत बसते, पडदा लावत नाही. मारायचे असेल तर सोपे आहे. हा प्रसंग तिच्या रोजनिशीत आहे. तिचे धैर्य निर्विवाद. पण त्या कुळाची रोजनिशी आपल्याकडे नाही.

पतीच्या मृत्युपत्राने ऑगस्टाला घरात हयातभर राहण्याचा हक्क होता, मालकी नव्हती. ती रॉबर्टनंतर मार्गारेटकडे गेली होती. १९२७ मध्ये मार्गारेटने कूल स्वतंत्र आयर्लंडच्या वनखात्याला विकले आणि ऑगस्टा त्याच घरात भाड्याने राहू लागली. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर कूलची शेवटची ग्रेगरी स्वतः कूळ झाली होती. २२ मे १९३२ रोजी ती तेथेच वारली. घर १९४१ मध्ये पाडण्यात आले. जोते राहिले, तळे राहिले, आद्याक्षरांचा बीच वृक्ष राहिला. त्याच्या खोडावर येट्स, शॉ, सिंज यांची अक्षरे आहेत.